ढांग्याचं माप

४ जानेवारी

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. चांगला कागद वाया गेला. आता नुसतं दादा.

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. तिला बोल लावू नकोस, मी तीन दिवस पिच्छा पुरवला तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. आणि धास्तावू नकोस. जुनं उकरून काढायला लिहीत नाही, निव्वळ कामाचं आहे.

मी अजून त्याच प्रकाशनात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल मला पगार मिळतो. लहानपणी मी हेच काम फुकटात करत होते, असं तू म्हणशील. सध्या आमच्याकडे महाकाय कोश चाललाय. गोष्टींमधले राक्षस, अगडबंब बायका, डोंगराएवढे म्हातारे, सगळ्यांचा कोश. छापलेल्या गोष्टींतले तर आहेतच, पण घराघरांत सांगितले गेलेले आणि कधीच न छापलेलेही. लोकांनी पोत्यानं पत्रं पाठवलीत. आमचं काम म्हणजे प्रत्येकाची उंची काढायची आणि वर्ग लावायचा. पहिला वर्ग दारातून वाकून आत येणाऱ्यांचा. दुसरा छप्पर उचलून आत डोकावणाऱ्यांचा, पन्नास फुटांपर्यंत. त्यापुढे पाण्याच्या टाकीवर कोपर टेकणारे, मग नदी ओलांडताना ज्यांचे फक्त घोटे भिजतात ते, आणि पाचव्या वर्गात ज्यांच्या पाठीवर गावं वसलीत आणि गावकऱ्यांना पत्ताच नाही ते. हसू नकोस. चार मोठी माणसं रोज या कामासाठी डबा घेऊन येतात.

मी ढांग्याचं नाव दिलंय.

आईचा ढांग्या. विसरला असशील तर सांगते: ज्याच्या सदऱ्याला काजं करायची म्हणजे कुदळ लागायची, आणि जो शिंकला की साऱ्या गल्लीतलं वाळत घातलेलं धुणं पलीकडच्या गल्लीत जायचं. आईच्या शिवणाच्या माप-वहीत मागच्या पानांवर त्याची उंची लिहिलेली आहे, तारखांसकट, आठ वेळा. ४२९ इंच, ४८४, ५३३½, ५७२, ६२७, ६७६½, ७२०½ आणि शेवटी ७४८. घोडं इथंच अडलंय. पहिला आकडा धरला तर तो दुसऱ्या वर्गातला आणि शेवटचा धरला तर तिसऱ्यातला. आमच्या संपादकांचा नियम असा, की ज्याचं माप गोष्टीगणिक बदलतं आणि त्या बदलाला काही नियम नाही, त्याला कोशात जागा नाही. असे महाकाय कपाटावरच्या एका बुटांच्या खोक्यात जातात. खोक्यावर 'बाद' लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

वहीची पुढची अर्धी पानं तुझ्याकडे आहेत. वहीचे दोन तुकडे कसे झाले ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आईलाही माहीत होतं, कारण ती मशीनवर बसून बघत होती. त्या पानांत कुठे ढांग्याविषयी एखादी ओळ असेल तर तेवढी उतरवून पाठव. पंधरा मार्चला शेवटची बैठक आहे. आईचं नाव छापील पुस्तकात येण्याची ही एकच संधी आहे. एवढं झालं की मी पुन्हा त्रास देणार नाही.

तुझी बहीण


२१ जानेवारी

दादा,

सतरा दिवस झाले. पत्र हरवलं म्हणावं तर मावशी सांगते की पोचलं. म्हणजे तू ते वाचून घडी घालून ठेवलंयस. ठेव. मी दुसरं लिहिते.

कालच्या बैठकीत ढांग्याचा निकालच लागणार होता. त्याआधी दीड तास एका राक्षसिणीवर गेला. तिची टाचच तेवढी गोष्टीत आहे. बाकी बाई धुक्यात. आमच्याकडे मापं काढायला गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना गणितबाई म्हणतात. शेंगदाणे खात खात त्या टाचेवरून पाऊल काढतात, पावलाला साडेसहानं गुणतात आणि राक्षसीण उभी करतात. मग वाद निघाला की बसलेल्या राक्षसाची उंची बसूनच धरायची की त्याला उभा करून. संपादक म्हणाले, "गोष्टभर तो बसलाय, आपण कोण उठवणारे?" तुला ही माणसं आवडली असती. प्रत्येक उंचीचे मजले किती होतील हे गणितबाई सांगतात तेव्हा मला दर वेळी तुझी आठवण होते. तू जन्मभर लिफ्ट बसवल्यास, तुला न मोजता सांगता आलं असतं.

मग ढांग्या निघाला. संपादकांनी आकडे वाचले आणि चष्मा काढून मेजावर ठेवला.

"पाचशे साडेतेहेतीस? राक्षसाला अर्धा इंच?" ते हसायलाच लागले. "तुमच्या मातोश्री मोठ्या गमत्या होत्या हो. पण हे काही माप नव्हे. मनाला येईल तो आकडा आहे."

माझा पारा चढला. आईनं आयुष्यात एक गोष्ट मनाला येईल तशी केली नाही, आणि माप तर नाहीच. पण मला पुरावा देता येईना. तेव्हा गणितबाई म्हणाल्या, "थांबा हो. थाप मारणारा माणूस पूर्ण आकडा सांगतो. शंभर, पाचशे, हजार. अर्धा इंच कोण सांगेल? ज्यानं टेप लावलीय तोच."

संपादकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला पंधरा मार्चपर्यंतची मुदत मिळाली आहे. तोपर्यंत ढांग्या खोक्यात न जाता माझ्या मेजाच्या खणात आहे.

आईनं टेप कशाला लावली होती, दादा? टेपचं दुसरं टोक तर तूच धरायचास. जाताना तूच ओरडला होतास ना, "गोष्टी तुझ्यासाठी होत्या, ढांग्या तुझा, मी आपला टेप धरायला." मग सांग की. नाहीतर पानं तरी पाठव.

तुझी चिकट बहीण


९ फेब्रुवारी

दादा!

पुडकं मिळालं. आत तुझी एक ओळ नाही, पत्ता वहिनीच्या अक्षरातला, पण वही आहे! मूळ पानं! मला वाटलं होतं फार तर एखादी नक्कल पाठवशील. वहिनीला माझा नमस्कार सांग. आम्ही दोघी एकमेकींना धड ओळखतही नाही, पण बाईनं गाठी फार नीट मारल्यात.

फाटलेल्या कडा मेजावर जोडून पाहिल्या. बरोबर बसल्या. 'बाही' या शब्दातला 'बा' तुझ्याकडे होता आणि 'ही' माझ्याकडे.

पुढच्या पानांत ढांग्या कुठेच नाही. आहेत ती गिऱ्हाइकांची मापं, आणि मधून मधून आपल्या दोघांच्या गणवेशांची. 'थोरला, उंची ४४, बाहीला माया दोन बोटं.' एक वर्ष नवा गणवेश आणि एक वर्ष जुन्याचीच आत दुमडलेली माया उसवून, आठवतं ना? मी निराश होऊन वही गणितबाईंपुढे सरकवली. त्यांनी दाणे बाजूला ठेवले. हे त्या सहसा करत नाहीत.

"तारखा बघ," त्या म्हणाल्या.

ज्या दिवशी पुढे गणवेशाचं माप, त्याच दिवशी मागे ढांग्याचं माप. दर वेळी. बाईंनी पेन्सिल घेतली. आधी माझी मापं लावून पाहिली, मीच तसं सांगितलं. लपवत नाही, मला वाटलं, माझीच असणार. काही म्हणता जुळेना. कधी साडेबारा पट, कधी चौदा. मग तुझी लावली.

तू ४४ इंच, ढांग्या ४८४. तू ५२, तो ५७२. तू ५७, तो ६२७. आणि ज्या वर्षी तू साडेअठ्ठेचाळीस भरलास, त्या वर्षी ढांग्या पाचशे साडेतेहेतीस. अकरा पट, दादा! दर वेळी बरोबर अकरा पट! राक्षसाचा अर्धा इंच तुझ्या अर्ध्या इंचातून आलाय. मी कार्यालयात ओरडले. वरच्या मजल्यावरचा बांधणी करणारा माणूस काय झालं म्हणून खाली धावत आला.

ढांग्याचं माप कधी बदललंच नव्हतं. तू वाढत होतास.

एक कबूल करते. ढांग्याच्या पहिल्या नोंदीची तारीख माझ्याकडच्या पानावर होती. तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी एक वर्षाची, पाळण्यात. मला त्या दिवशी कोण गोष्ट सांगणार होतं? वही फाटल्यापासून हे मला चव्वेचाळीस वर्षं दिसत होतं. पण तू जाताना म्हणालास, 'ढांग्या तुझा', आणि मला ते सोयीचं होतं. तर आता ऐक: तो तुझा होता. टेपचं एक टोक तुझ्या हातात द्यायचं आणि दुसरं तुझ्या टाळूवर टेकवायचं, ते गणवेशापुरतं नव्हतं.

आठपैकी सात आकडे जुळले. शेवटच्या, डिसेंबरातल्या ७४८ ला तेवढी जोड नाही, तुझ्या पानांत ती तारीखच नाही. संपादक म्हणतात, नियम म्हणजे आठही हवेत. तेव्हा कृपा करून तुझी उंची कळव. पुरी वाढ झाली तेव्हाची. का, ते विचारू नकोस.

तुझी आनंदानं वेडी झालेली बहीण


२३ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं कार्ड आलं. तिनं लिहिलंय, "हे विचारतात, शेवटची नोंद डिसेंबरातली आहे आणि मी मे महिन्यातच घर सोडलं. मग आईनं माप कुणाचं घेतलं?"

विचारू नकोस म्हटलं की नेमकं तेच विचारायचं, ही तुझी खोड गेलेली नाही. चार दिवस झाले, उत्तर लिहिते आणि फाडते. आज फाडणार नाही.

आईनं तुझ्यासाठी कोट शिवला होता. तू गेलास त्या पहिल्या थंडीत. गडद निळं, जाड कापड. समोर माणूस नाही, वहीची पुढची पानं नाहीत, आणि ती बेधडक कात्री चालवत होती. मी म्हटलं, "अगं, केवढा लांब कापतेस?" तर म्हणाली, "पायाचे पंजे बघितलेस त्याचे? अजून अडीच इंच चढेल." कोट बेतून झाला तशी तिनं मागचं पान उघडलं आणि ढांग्याची उंची लिहिली. मी बघत होते. तेव्हा मला वाटलं, उगाच काहीतरी लिहितेय.

कोट बांधून, वर मावशीनं दिलेला पत्ता लिहून तिनं माझ्याकडे दिला. टपालात टाकायला.

मी टपाल कचेरीत गेले. रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे दोन माणसं उरली तेव्हा रांगेतून बाहेर पडले आणि पुडकं घरी आणून माळ्यावर ट्रंकेच्या मागे टाकलं. आईला सांगितलं, पाठवला.

ते कापड मला द्यायचं कबूल केलं होतं, दादा. दोन वर्षं मी त्या निळ्या कापडाकडे डोळे लावून बसले होते. आणि तू तर घर सोडून, वही फाडून, दार आपटून गेलेला. जो राहिला त्याला काही नाही आणि जो गेला त्याला कोट! चौदा वर्षांच्या डोक्यात एवढंच मावत होतं. वाटलं होतं, आठवडाभरानं सांगू. मग आई रोज पोस्टमनला विचारायला लागली, आणि मग सांगायची सोय राहिली नाही. ती म्हणायची, "मिळाला असेल. पत्र लिहायचा त्याला आधीपासूनच कंटाळा." शेवटपर्यंत तेच म्हणत होती. तुला कोट मिळाला आणि तू पोच दिली नाहीस, असं समजून ती गेली. आणि तू समजलास की तिनं तुझी साधी चौकशीही केली नाही.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू आलास, दारात उभा राहिलास, चहा न घेता निघालास. आपण मोजून सहा वाक्यं बोललो. कोट तेव्हा पलीकडच्या खोलीत होता. मला तो आणता आला असता.

मला माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही. चुकले, एवढं लिहिते. फार मोठी चूक केली.

बहीण


१० मार्च

दादा,

उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी जिन्यात पावलं वाजली की उठते.

आज गणितबाई म्हणाल्या, "एवढी का गळाठलीस? शेवटचा आकडा गाळ. सातात अकरा पट बसतं, कोण बघायला जातंय? संपादकांना मी पटवते." खरंच पटवतील. ढांग्या कोशात जाईल, आईचं नाव छापून येईल, झालं.

मी नाही म्हटलं. मग त्यांना का ते सांगावं लागलं. कोटाचं सगळं सांगितलं, रांगेतल्या दोन माणसांसकट. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंडानं कुणाला सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, दाण्यांची पुडी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "मग राहू दे तो आकडा. एकदा लपवलास तेवढं पुरे."

म्हणजे पंधरा तारखेला मी आठही आकडे ठेवणार. तुझी उंची आली तर ढांग्या कोशात, नाही आली तर खोक्यात. तुझ्यावर ओझं टाकायला हे लिहीत नाही. नाही म्हणायचा तुला पुरता हक्क आहे. फक्त आईनं न बघता केलेलं माप बरोबर आलं की नाही, हे जगात एकट्या तुलाच ठाऊक आहे.

बहीण


१५ मार्च, संध्याकाळ

दादा, दादा, दादा!

जिंकलो!

सकाळी पावणेदहाला कुलूप लावत होते आणि पोस्टमन जिन्यातच भेटला. तुझं कार्ड. तुझं स्वतःचं अक्षर, अजून तसंच, उजवीकडे पडायला आलेलं. मी ते पायरीवर बसून वाचलं. आता मला पाठ आहे, तरी तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं:

"अडुसष्ट. नोकरीला लागताना डॉक्टरनं मोजली होती, तेव्हा मी एकवीसचा. आणि अकराच का, ते तुमच्या बाईंना येणार नाही. मला तेव्हा अकरापर्यंतच मोजता यायचं. आईला विचारलं, ढांग्या केवढा? तर म्हणाली, तुला मोजता येतील तेवढे तू, एकावर एक. कोट पाठवू नकोस. न्यायला येतो."

मी पायरीवर बसून रडले. शेजारीण म्हणाली, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही हो, अडुसष्ट आहे. ती बिचारी घरात गेली.

आता बैठक ऐक. मी वहीचे दोन्ही तुकडे मेजावर जोडून ठेवले आणि बाजूला तुझं कार्ड. संपादकांनी कुणाचं ऐकलं नाही. स्वतः कागद घेतला आणि स्वतः गुणाकार केले, आठही, एकाखाली एक. शेवटच्याला त्यांचा हात हळू झाला. अडुसष्ट गुणिले अकरा. सातशे अठ्ठेचाळीस.

"या वेळी मुलगा समोर नव्हता म्हणता?"

"नव्हता. सात महिने झाले होते जाऊन."

"आणि उंची अजून तेवढी झालीही नव्हती?"

"नव्हती. साडेपासष्ट होती. आईनं पंजे बघितले होते."

ते उठून खिडकीशी गेले. हा माणूस माझ्या सेवेत... म्हणजे मी त्याच्या सेवेत सव्वीस वर्षं आहे, आणि त्याला खिडकीशी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. परत येऊन म्हणाले, "मी म्हणालो होतो, मनाला येईल तो आकडा. मागे घेतो. नियम आहे. या कोशातल्या कुठल्याही राक्षसाचं माप इतकं काटेकोर नाही."

मग प्रश्न आला, वर्ग कुठला? दुसरा की तिसरा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. ढांग्या दुसऱ्यातही नव्हता आणि तिसऱ्यातही नव्हता. गणितबाई दाणा सोलत म्हणाल्या, "सहावा काढा. ज्यांची उंची ऐकणाऱ्यावरून ठरते त्यांचा."

आणि दादा, पाच मिनिटांत सहावा वर्ग निघाला! दोन वर्षं पाचांवर अडून बसलेल्या माणसांनी काढला! मग कुणीतरी म्हणालं, "अहो, ते खोकं..." स्टुलावर चढून मीच खाली काढलं. आत त्रेचाळीस बाद महाकाय, धुळीनं माखलेले. एका बाईच्या राक्षसाचा गुडघा नेहमी तिच्या खिडकीशी यायचा. घर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलं तसा राक्षस वाढला, म्हणून आम्ही त्याला अस्थिर ठरवला होता. कुणाचा राक्षस आजोबांच्या काठीच्या वीस पट, आणि काठी दर वर्षी टोकाला झिजत होती. चहा येईपर्यंत एकोणीस जण आत आले. दर एकाला आत घेताना आम्ही टाळ्या वाजवत होतो. आईच्या ढांग्यानं दार उघडलं आणि मागून सगळी फौज शिरली.

खोक्यावरचं 'बाद' मी खोडलंय. आता त्यात बाईंचे दाणे आहेत.

वर्गाच्या पहिल्या पानावर पहिली नोंद ढांग्याची. खाली आईचं नाव, आणि तिच्या नावाखाली मी संपादकांना एक ओळ घालायला लावली: 'माप देणारा: थोरला मुलगा.' विचारून घातली नाही. आवडली नाही तर ये आणि भांड.

कोट उन्हात टाकलाय. डांबराच्या गोळ्यांचा वास जायला दोन दिवस लागतील.

तुझीच


३० मे

दादा,

तू परवा गेलास आणि घरात एकदम जागा झाली. वहिनीनं विसरलेली छत्री माझ्याकडे आहे. मुद्दाम विसरली असेल तर तिला सांग, मला कळलंय.

प्रकाशनाच्या दिवसाचं तुला काय लिहू, तू तिथंच होतास. पण समारंभात मी सगळ्यांशी बोलत होते आणि तुझ्याशी बोलायचं राहिलंच, म्हणून लिहिते. आमच्या जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत वरून खालपर्यंत ढांग्याचं चित्र सोडलं होतं, बासष्ट फूट चार इंच. सगळे माना वर करून वाहवा करत होते. तू मात्र आल्या आल्या कोट अंगात असूनच तळाशी उकिडवा बसलास आणि म्हणालास, "ओळंब्यात नाही. डावीकडे कललाय." मग तुम्ही दोघांनी, तू आणि संपादकांनी, सहा मजले चढून दोरी सरळ केली. संपादक खाली येऊन धापा टाकत मला म्हणाले, "हे घराण्यातच आहे का?" मी म्हटलं, हो.

कोट खांद्यात नेमका बसला. बाही मनगटावर आली, ना बोटभर पुढे ना मागे. तू आरशासमोर किती वेळ हात वर-खाली करत होतास, ते मी दारातून बघितलं. मग बटण लावायला गेलास आणि पोटानं नकार दिला. "ही आईची चूक नाही," तू म्हणालास, "तुझ्या वहिनीच्या हाताची आहे." मी बाजूच्या शिवणी उसवल्या. दोन्हीकडे आईनं दीड-दीड इंच माया आत दाबून ठेवली होती, घडी अजून कोरी निळी. ते कापड पुरलं. उसवताना तू शेजारी बसून सांगितलंस, की त्या पहिल्या थंडीत तू सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रं घालून कामावर जायचास. माझा हात थांबला. तू म्हणालास, "राग आहे. अजून आहे. तो घेऊनच इथं बसलोय, आणि बसायला बरं वाटतंय. तू शिवण बघ." तेवढं मला पुष्कळ झालं. खरं सांगायचं तर माझ्या लायकीपेक्षा जास्तच झालं.

पण आता एक तक्रार. जायच्या दिवशी सकाळी मी तुला दाराच्या चौकटीशी उभं केलं, आईची टेप काढली, एक टोक तुझ्या हातात दिलं आणि दुसरं तुझ्या टाळूवर धरलं. तू हसत होतास, म्हणून आकडा तुला सांगितला नाही. तो आज सांगते. साडेसदुसष्ट.

दोनदा मोजलं. अर्धा इंच कमीच.

वही मी शिवून एक केली आहे. मागच्या पानावर, आईच्या आठ नोंदींच्या खाली, परवाची तारीख घालून माझ्या अक्षरात नववी नोंद केली: ढांग्या, ७४२½. छापलेल्या कोशात ७४८ आहे. संपादकांना कळवलंय, शुद्धिपत्र दोन दिवसांत लागेल.

तेव्हा जरा पाठ ताठ ठेवून चालत जा, दादा. तुझ्या अर्ध्या इंचापायी तो बिचारा साडेपाच इंच खचलाय.

टेप धरणारी,
तुझी बहीण